मदत हवी आहे: एमबीए प्रवेशाच्या निबंधात ‘सांगू नका, दाखवा’ कसं जमवायचं?

हार्वर्डच्या नेतृत्वाच्या निबंधाला २५० शब्दांची मर्यादा आहे. माझ्या मसुद्यावर शेरा आला, ‘सगळं सांगितलंय, दाखवलं काहीच नाही.’ वाक्य असं: ‘मी कठीण प्रसंगीही टीमला एकत्र ठेवणारी, संयमी लीडर आहे.’ प्रसंग कारखान्यातला. दोन पाळ्यांचे सुपरवायझर रिजेक्शनचा (तपासणीत नाकारलेल्या पार्टचा) दोष एकमेकांवर ढकलत होते, तो वाद मी मिटवला. एवढ्या कमी शब्दांत हे दाखवायचं कसं?

प्रतिसाद १
‘संयमी’ हा निष्कर्ष वाचणाऱ्याला काढू द्या. वाद मिटवला म्हणजे नेमकं काय केलंत? नमुन्यादाखल: ‘पाळी बदलताना दोघांना दहा मिनिटं मशीनपाशी थांबवलं, नाकारलेले पार्ट समोर ठेवले आणि प्रत्येकाचं कारण दोघांकडून लिहून घेतलं.’ विशेषण एकही नाही, तरी संयम दिसतो. अर्थात घडलं असेल तेच लिहा.

परिस्थितीला ४०-५० शब्द पुरे. तुम्ही काय ठरवलं, काय केलं आणि कुठे अडलं याला १०० ते १२०. परिणाम ३०. अडलेला भाग गाळू नका. सुपरवायझर लगेच तयार झाले असं लिहिलंत तर नेतृत्वाची गरजच काय होती, हा प्रश्न उरतो.

प्रतिसाद २
वरच्याशी सहमत, पण उरलेल्यांतले ५०-६० शब्द सरळ सांगण्यासाठीच ठेवा. कशा प्रकारचं लीडर व्हायचंय हेही हार्वर्डच्या या निबंधाच्या प्रश्नात विचारलंय आणि ते नुसत्या प्रसंगातून कळत नाही. स्टॅनफर्डच्या ‘तुमच्यासाठी सर्वांत महत्त्वाचं काय आणि का’ या निबंधातला ‘का’ही तसाच. तिथे कारण स्पष्ट शब्दांत हवं.

‘दाखवा’ ऐकून बरेच जण मशीनचा खडखडाट, रात्रपाळीचे दिवे असं वर्णन करत बसतात आणि ८० शब्द तिथेच संपतात. तपशील निर्णयाचा हवा, नेपथ्याचा नको. ‘आम्ही’ही तपासा: तुमचा निर्णय असेल तिथे ‘मी’ लिहा.

प्रश्नकर्ती
धन्यवाद! रिजेक्शनचा आकडा घालू का?

प्रतिसाद १
घाला, पण एकदाच: आधी किती टक्के, नंतर किती, किती महिन्यांत. रेझ्युमेतल्या आकड्याशी तो जुळायला हवा. आणि बदल फक्त तुमच्यामुळे झाला नसेल, उदाहरणार्थ मधेच डाय (पार्टचा साचा) बदलली असेल, तर तसं लिहा. मुलाखतीत याच आकड्यावर खोदून विचारू शकतात.