टाळेबंदीतली शाळा : अभ्यास सोडून बाकीचं सांगा

ऑनलाइन अभ्यासावर आपलं बोलून झालंय. रेंज नाही, नेटपॅक संपला, एका मोबाइलवर तीन भावंडं. सगळं खरं, पण शाळा म्हणजे तेवढीच का? परिपाठ, मधली सुट्टी, खिचडी, स्नेहसंमेलनाच्या तालमी, तालुक्याला जाऊन हरून येणं, वर्ग गळतो म्हणून अर्ध्यातून सुटणारी शाळा, या सगळ्याचं त्या दोन वर्षांत काय झालं? अलिबागपासून वेंगुर्ल्यापर्यंत ज्यांना आठवतं त्यांनी लिहा. शिक्षक, विद्यार्थी, पालक, शिपाईमामा, खिचडीवाल्या ताई, सगळेच. शाळेचं नाव नको, माणसांची नावं नकोत. आणि ‘मुलांनी संकटावर कशी मात केली’ छापाचं तर अजिबात नको, ते पुरेसं छापून आलंय.

तारखांवरून वाद नको म्हणून आधीच टाकतो. मार्च २०२० मध्ये शाळा बंद. नववी ते बारावी २३ नोव्हेंबर २०२० पासून, पाचवी ते आठवी २७ जानेवारी २०२१ पासून. मग दुसरी लाट. ४ ऑक्टोबर २०२१ ला खेड्यात पाचवीपासून पुढचे वर्ग, १ डिसेंबरला पहिली ते चौथी. जानेवारी २०२२ मध्ये पुन्हा थोडे दिवस कुलूप. गावागावांत पुढेमागे झालं असेल.

सुरुवात मीच करतो.

राजापूर तालुका, माध्यमिक शिक्षक

आम्ही परिपाठ व्हॉट्सॲपवर चालू ठेवला. रोज एकाने प्रतिज्ञा, सुविचार, दिनविशेष आणि बातम्या बोलून पाठवायच्या. मागे कोंबड्या, पत्र्यावरचा पाऊस, ‘अरे गुरं सोडलीस का’ अशी आईची हाक, सगळं त्यात यायचं. गावात पेपर येणं बंद होतं, त्यामुळे बातम्यांची पंचाईत. एका सातवीतल्या पोराने त्यावर तोड काढली. तो वाडीच्याच बातम्या द्यायला लागला. रेशनवर तांदूळ आलेत, अमक्याच्या घरी मुंबईची माणसं आली आहेत, खाडीला उधाण आहे, तरीची होडी बंद. हळूहळू पालक ते ऐकायला लागले. मग आजोबा मंडळी. एकदा त्याचा आवाज आला नाही तर मला चार फोन, ‘गुरुजी, आज बातम्या नाहीत काय?’ मुंबईच्या माणसांची बातमी मात्र मी बंद करायला लावली, कारण त्यावरून वाडीत भांडण पेटलं होतं. त्या दिवसांत कोण आलं, कोण गेलं ही साधी बातमी नव्हती.

मालवण तालुका, प्राथमिक शिक्षक

मे २०२० मध्ये आमच्या शाळेची चावी ग्रामपंचायतीकडे गेली. चाकरमान्यांचं विलगीकरण तिथेच. मी स्वतः खारेपाटणच्या नाक्यावर गाड्यांच्या नोंदी करायच्या ड्युटीला. म्हणजे माझी शाळा भरलेली, आणि मी आणि पोरं सोडून बाकी सगळे तिच्यात.

खरी कथा पुढे आहे. विलगीकरण संपलं, शाळेत फवारणी झाली, पण पालक म्हणाले, त्या इमारतीत पोरं पाठवणार नाही. मी पुन्हा फवारणी करून घेतली, सगळ्यांना बोलावून दाखवली. तरी नाही. शेवटी गावकाराने शाळेच्या दारात नारळ ठेवून रीतसर गाऱ्हाणं घातलं, ‘पोरांचो सांभाळ कर रे महाराजा’, आणि सगळे ‘व्हय महाराजा’ म्हणाले. मग विषय मिटला. हायपोक्लोराइटचा खर्च कागदावर दाखवता आला, गाऱ्हाण्याच्या नारळाचा नाही.

तोवर वर्ग लोकांच्या पडवीत भरले. वरच्या वाडीची मुलं एका घरी, खालच्या वाडीची दुसऱ्या. मी आलटून पालटून जायचो. त्यातून एक कळलं. शाळेत ज्या मुलीच्या तोंडातून शब्द फुटायचा नाही, ती स्वतःच्या पडवीत, आजीच्या शेजारी बसून घडाघडा वाचत होती.

लालबाग, पण तेव्हा देवगड तालुका

वरच्या सरांनी लिहिलंय तशाच विलगीकरणातला मी एक. तेव्हा सहावीत होतो. ज्या शाळेत बाबा शिकले, तिच्या वर्गात आम्ही चटया टाकून झोपायचो. बेंच एका कोपऱ्यात रचलेले. फळ्यावर कोपऱ्यात ‘पट ११, हजर ९’ तसंच राहिलेलं. त्यावरून आई-बाबांचं एकदा बोलणं झालं होतं, बाबांच्या वेळी एकट्या चौथीचा पट तीसच्या वर होता म्हणून. स्वच्छतागृह लहान मुलांच्या मापाचं, त्याची मोठ्या माणसांना झालेली अडचण इथे लिहीत नाही.

माझी मुंबईची शाळा मोबाइलवर चालू होती आणि फी पूर्ण घेत होती, त्यात बंद असलेल्या बसचेही पैसे होते. मी वर्गाला हजेरी लावून व्हिडिओ बंद करायचो आणि गावच्या मुलांबरोबर खाडीवर कुर्ल्या पकडायला जायचो. गावातल्या पोरांनी मला आधी महिनाभर लांबच ठेवलं, ‘मुंबयवालो’ म्हणून. गणपतीत झांजा वाजवायला माणूस कमी पडला तेव्हा आत घेतलं.

रत्नागिरी शहर, २०२० ची दहावी

आमचा भूगोलाचा पेपर राहिला. २३ मार्चला होता, आधी पुढे ढकलला, मग रद्दच. बाकीच्या पेपरांच्या सरासरीने मार्क दिले. मला त्यात फायदा झाला, शेजारच्या मैत्रिणीचा तोटा, कारण तिचा भूगोलच पक्का होता. ब्राझीलचा नकाशा ती डोळे मिटून काढायची. शेवटचा पेपर झाल्यावर मांडवीला भेळ खायची असं सगळ्यांचं ठरलं होतं. शेवटचा पेपरच झाला नाही.

श्रीवर्धन तालुका, पालक

तुमच्याकडे २०२० म्हणजे कोरोना. आमच्याकडे २०२० म्हणजे ३ जून. निसर्ग वादळाने घराची कौलं, शाळेचे पत्रे आणि सुपारीची बाग एकाच दुपारी गेली. पुढे कित्येक आठवडे वीज नव्हती. राज्यभर ‘शाळा बंद, पण शिक्षण आहे’ चाललं होतं तेव्हा आमच्याकडे मोबाइल चार्ज करायला जनरेटरवाल्याकडे रांग होती. टीव्हीवर मुलांसाठी ‘टिलीमिली’ मालिका लागते असं पाहुण्यांनी फोनवर सांगितलं. टीव्ही पाण्यात भिजलेला.

शाळेचे मोठे विद्यार्थी मात्र रोज भेटत होते, बागांमध्ये. आडव्या पोफळी कापायच्या, ओढायच्या, वाटा मोकळ्या करायच्या. आमच्या वर्गशिक्षिका स्वतःचं घर उघडं असताना फिरून कुणाची वह्या-पुस्तकं गेली याची यादी करत होत्या. माझ्या मुलाची पुस्तकं भिजून फुगली होती. बायकोने ती चुलीच्या वरच्या माळ्यावर पसरली. वाळली, पण प्रत्येक पानाला धुराचा वास. त्याने त्याच पुस्तकांवर आठवी केली. पोफळ लावली तर पीक यायला पाच-सहा वर्षं जातात. मुलगा बारावी होऊन गेला, तेव्हा कुठे नव्या बागेत पहिली सुपारी दिसायला लागली.

कुडाळ तालुका, खिचडी शिजवणाऱ्या आईच्या वतीने मुलगी

आई सांगते ते लिहिते. ‘पोरां नाय तर माझी चूलय नाय.’ शाळेत शिजवणं बंद झालं आणि तांदूळ, डाळ, हरभरे कोरडेच पालकांना वाटायला लागले. आई सरांबरोबर काटा धरून बसायची. तिला मुलं पाठ होती, पण त्यांचे आईबाप ओळखीचे नव्हते. पिशवी घेऊन कुणी आलं की ती विचारायची, ‘तुमचा ता मिरची वगळणारा, काय दोनदा मागणारा?’

मानधनाबद्दल ती इथे लिहू नको म्हणते. म्हणून फक्त एवढंच लिहिते की ते आधीही फार नव्हतं.

गुहागर तालुका, क्रीडाशिक्षक

खेळाडूचं वय थांबत नाही, हे कुणी लक्षात घेतलं नाही. शालेय स्पर्धा चौदा, सतरा, एकोणीस वर्षांखालील अशा गटांत होतात. दोन वर्षं स्पर्धा नाहीत म्हणजे पंधरा वर्षांचा चढाईपटू थेट सतरा पार. आमच्या मुलींचा कबड्डीचा संघ जिल्ह्याला जाईल असा होता. ‘असा होता’ हे माझं मत, सिद्ध करायला मैदानच मिळालं नाही. मुलांना मी सूर्यनमस्कार घालून व्हिडिओ पाठवायला सांगायचो, कारण वरून तसं पत्रक होतं. एकाने तोच व्हिडिओ रोज पाठवला. मी रोज शाबास लिहिलं. कबड्डी मोबाइलवर कशी शिकवणार? ‘दम घुमव’ म्हणायचं तर समोर सात जणी पाहिजेत.

चित्रकलेचंही तसंच. एलिमेंटरी-इंटरमीजिएट २०२० मध्ये झाल्या नाहीत. कागद, रंग विकत घेऊन बसलेली मुलं होती.

देवगड तालुका, आता कॉलेजात

आमच्याकडे स्नेहसंमेलन झालं! शाळेने नाही केलं, आम्हीच. २०२०-२१ च्या हिवाळ्यात जत्रा साधेपणाने, दशावताराची नाटकं जवळजवळ नाहीतच. आमच्या खळ्यात आम्ही वाडीतल्या पोरांनी नाटक केलं. मागे आईची नऊवारी बांधलेली, पेटी नाही म्हणून मोबाइलवर सूर. संकासुर झालेला मुलगा सॅनिटायझरची बाटली शस्त्र म्हणून घेऊन आला आणि ब्रह्मदेवावरच फवारली. मास्तर बघायला आले होते, लांब खुर्ची टाकून. शाळेच्या स्नेहसंमेलनात त्यांनी हा प्रवेश नक्की कापला असता.

चिपळूण, माजी विद्यार्थी

१६ जुलै २०२१ ला परीक्षा न झालेल्या दहावीचा निकाल लागला, कोकण विभाग शंभर टक्के. पेढे वाटून आठवडा झाला नाही तोच २२ जुलैचा महापूर. शाळेच्या तळमजल्यावर पाणी माणसाच्या डोक्यावरून गेलं होतं. उतरल्यावर आम्ही गेलो. चिखल म्हणजे नुसता चिखल नाही, डिझेलसारखा वास येणारा, चिकट, फावड्याला सोडत नाही असा. हार्मोनियमचा भाता उघडला तर आत चिखलाची वडी. प्रयोगशाळेतला सांगाडा तेवढा धुऊन पुन्हा उभा केला. जनरल रजिस्टरं कार्यालयातल्या बायकांनी पान पान सोडवून पंख्याखाली वाळवली, कारण उद्या कुणाला दाखला लागला तर दुसरीकडे नोंद नाही.

सांगायचं हे की दीड वर्ष ‘एकत्र जमू नका’ ऐकलेली मुलं त्या दिवशी शंभरावर जमली होती. मास्क चिखलाने भरले, मग कुणी घातले नाहीत. त्यावर कुणी काही बोललंही नाही. नुकतीच विनापरीक्षा पास झालेली, ‘कोरोना बॅच’ म्हणून चेष्टा होणारी मुलं त्यात सर्वात पुढे होती.

सावंतवाडी तालुका, प्राथमिक शिक्षिका

सर्वांचं वाचलं. माझ्या वर्गाचं कुणी लिहिलं नाही म्हणून लिहिते. जून २०२० ला पहिलीत नाव घातलेली मुलं डिसेंबर २०२१ मध्ये शाळेत आली, तेव्हा ती दुसरीत होती. अक्षरं काहींना येत होती, घरच्यांनी घेतली होती. रांग येत नव्हती. घंटा झाली की काय करायचं हे माहीत नव्हतं. एक मुलगा भूक लागली की दप्तर उचलून सरळ घरी निघायचा, आणि त्याचं बरोबरच होतं, दीड वर्षं शाळा घरातच होती. भांडण झालं की ते सोडवायचं कसं हे तर कुणालाच नाही. रबर घेतलं म्हणून रडायचं, आणि रडून झालं की आईला हाक मारायची. सरकारने त्या वर्षांसाठी सेतू अभ्यासक्रम काढला होता, मागे राहिलेल्या अभ्यासाचा. मधल्या सुट्टीचा सेतू आम्ही आमचाच घातला. पहिला महिना मी निम्मा वेळ नुसता आबाधुबी आणि लंगडी घेतली. तपासणीला आलेल्या साहेबांनी विचारलं, हे कुठल्या घटकात बसतं? मी म्हटलं, परिसर अभ्यास.

दापोली तालुका, हर्णैजवळ

सगळ्यांनी शाळेची आठवण काढली म्हणून दुसरी बाजू. मी आठवीत होतो, नववीत जाणार होतो. बंद झाली तेव्हा बरं वाटलं. ऑगस्टात मासेमारी सुरू झाली आणि बोटीवर खलाशी कमी होते, बाहेरचे गावी गेलेले, म्हणून मी गेलो. पैसे घरात आले. शाळा उघडली तेव्हा सर दोनदा घरी आले. आई म्हणाली जा, बाबा काही बोलले नाहीत. मी गेलो नाही. आता तांडेलाच्या, म्हणजे बोटीच्या मुख्य खलाशाच्या, हाताखाली आहे, जाळं मला सगळं येतं. वाईट वाटतं असं नाही. लायसनच्या वेळी शिक्षण किती विचारतात तेव्हा आठवी सांगतो.

राजापूर तालुका, माध्यमिक शिक्षक

अरे, दहावी अजून देता येते. सतरा नंबरचा फॉर्म भरायचा, बाहेरून बसायचं, वर्गात यावं लागत नाही. जवळच्या हायस्कुलात जाऊन विचार. शाळा सोडल्याचा दाखला आणि आधार तेवढा जवळ ठेव. सर दोनदा आले होते ना, तिसऱ्यांदा तू जा.

दापोली तालुका, हर्णैजवळ

सर, आत्ता मोसम आहे, रात्री निघतो ते दोन-तीन दिवसांनी येतो. जूनात बंदी लागली की बोटी वर घेतो, तेव्हा दोन महिने रिकामाच असतो. तेव्हा जाऊन विचारतो. गणिताला पर्याय असतो काय?