गडाच्या पायऱ्या, गाडीरस्ता आणि मध्येच आलेला कालिदास

अंबाळेकर : "रामटेकच्या गडावर गाडी जाते म्हणूनच लोक येतात, अंबाळा तलावाकडच्या पायऱ्यांवर आता खर्च कशाला?" असे परवा येथे एकाने लिहिले. दोन दिवस गप्प बसलो, पण राहवले नाही. माझ्या आजोबांचे नारळ-उदबत्तीचे दुकान त्याच पायऱ्यांवर होते. पायऱ्यांचे दगड मधोमध झिजून खोलगट झाले आहेत आणि पावसाळ्यात त्यात साचलेले पाणी वानरे वाकून पितात. गाडीरस्ता आल्यावर गिऱ्हाईक वरच्या वर निघून गेले आणि दुकान बसले. खासगी गाड्या पायथ्याशीच थांबवाव्यात. ज्या रामगिरीवर कालिदासाच्या 'मेघदूता'तल्या यक्षाने विरहाचे वर्ष काढले, तेथे आज हॉर्न ऐकावे लागतात.

मौद्याची सून : दादा, आपल्या दुकानाचे वाईट वाटते, पण माझ्या सासूबाईंचे दोन्ही गुडघे गेले आहेत. मागच्या त्रिपुरी पौर्णिमेला गाड्या खाली अडवल्या, तेव्हा त्या अंबाळ्याच्या काठावर बसून वर जळणारा त्रिपूर पाहून परतल्या. तेवढ्या वेळात काठावरचे निर्माल्य आणि पिंडदानाच्या पत्रावळी मात्र डोळे भरून पाहून झाल्या. त्याविषयी आपण एक अक्षर लिहिले नाही.

पानमळेवाला : शिवाय रामगिरी म्हणजे रामटेकच, हे ठरवले कोणी? छत्तीसगडातल्या सरगुजाकडचे लोक तिकडच्या रामगढ डोंगराचे नाव घेतात. कालिदासाला मध्ये घालून गाड्या बंद करता येत नाहीत.

जुना मास्तर : ठरवले कोणी, असे विचारता म्हणून सांगतो. इतिहाससंशोधक वा. वि. मिराशी यांनी हा प्रश्न आयुष्यभर अभ्यासला. चंद्रगुप्त दुसरा याची मुलगी, वाकाटकांची राणी प्रभावतीगुप्ता, हिचा रिद्धपूरचा ताम्रपट रामगिरीस्वामीच्या, म्हणजे रामगिरीवरच्या देवाच्या, चरणांपासून दिलेला आहे आणि वाकाटकांची राजधानी नंदिवर्धन म्हणजे आपल्या शेजारचे नगरधन. यक्ष मेघाला उत्तरेकडे जायला सांगतो, वाटेत नर्मदा लागते आणि पुढे विदिशा. रामगढहून विदिशा जवळजवळ सरळ पश्चिमेला आहे. मेघाने उत्तरेकडे तोंड करून तेथे कसे पोहोचावे, हे आपणच सांगावे.

पानमळेवाला : मग मेघाच्या वाटेवरच्या आम्रकूट पर्वताचे काय? तो अमरकंटक मानला, तर रामटेकहून मेघाला ईशान्येचा मोठा वळसा पडतो. ताम्रपटाने रामगिरी येथे होता एवढे सिद्ध होते. कालिदासाच्या मनात हाच होता, हे नव्हे. आम्हालाही वाचता येते, मास्तर. पानमळ्यात बसून वाचतो, एवढाच फरक.

जुना मास्तर : आम्रकूट म्हणजे अमरकंटकच, हे गृहीत धरल्यावर वळसा पडणारच. वळणावळणाने जा, असे यक्षच मेघाला उज्जयिनीसाठी सांगतो. पानमळ्याचा उल्लेख मी केला नव्हता. तो आपणच ओढून आणलात.

मौद्याची सून : मेघाला गुडघे नसतात, म्हणून त्याला वळसा परवडतो. आपण दोघे विदिशेला पोहोचलात की निरोप पाठवा. माझा प्रश्न इतकाच आहे, की म्हातारे माणूस वर जाणार कसे? गाडीतून उतरल्यावरही लक्ष्मणाच्या आणि रामाच्या मंदिरापर्यंत चालावेच लागते आणि तेथे हात धरायला कोणी नसते.

अंबाळेकर : वहिनी, ठीक आहे. वृद्धांच्या आणि अपंगांच्या गाड्या वर जाऊ द्याव्यात. इतकी माघार मी घेतो आणि ती आनंदाने घेत नाही, हेही लिहून ठेवतो. मात्र धडधाकट तरुणांनी गाडीतून वर जाऊन वराहाच्या मूर्तीखालून सरपटत निघायचे आणि पाप नसल्याचा दाखला घेऊन खाली यायचे, हे मला पटणार नाही.

पानमळेवाला : मीही त्या मूर्तीखालून सुटलो आहे आणि गाडीनेच गेलो होतो. पायऱ्यांची डागडुजी होऊ द्या, मी अडवत नाही. कालिदासाच्या नावाने नको, एवढेच.

मौद्याची सून : रामनवमीला सासूबाईंना घेऊन येते आहे. अंबाळेकर दादा, पायऱ्यांवर इतका जीव आहे तर वराह दरवाजापाशी थांबा; एक हात आपण धरा, दुसरा मी धरते.

अंबाळेकर : सकाळी सातला या. नंतर दगड तापतात.