वस्तीलगत व्यसनोपचार केंद्र : हरकतीच्या अर्जावर सही करावी का?

वाटसरू

आमच्या वस्तीलगतच्या रिकाम्या इमारतीत व्यसनोपचाराचे बाह्यरुग्ण केंद्र सुरू करण्याचा प्रस्ताव आला असून, हेरॉइनसारख्या अफूजन्य पदार्थांचे व्यसन असलेल्यांना तेथे रोज मेथाडोन किंवा ब्युप्रेनॉर्फिन हे हेरॉइनऐवजी द्यायचे औषध दिले जाणार आहे. रहिवासी समितीत असल्यामुळे हरकतीच्या अर्जावर माझीही सही मागितली गेली आहे आणि बहुतेकांच्या सह्या झाल्याही आहेत.

लोकांची भीती काल्पनिक आहे, असे मी म्हणणार नाही. जिन्याखाली वापरलेल्या सुया सापडतात, मीटरच्या खोलीतील तांब्याच्या तारा दोनदा कापून नेल्या गेल्या आणि अंधार पडल्यावर मागच्या रस्त्याने एकटे येण्याचे धैर्य अनेकींना होत नाही. मात्र त्या जिन्याखाली बसणाऱ्यांपैकी एक मुलगा याच वस्तीत वाढलेला आहे, आणि ‘या लोकांना इथून उचला’ असे सभेत म्हटले जाते तेव्हा त्याची आई मागच्या खुर्चीवर बसलेली असते. सही न करणे म्हणजे शेजाऱ्यांच्या सुरक्षिततेशी खेळणे होईल का? आणि सही केली, तर जिन्याखालची परिस्थिती बदलणार आहे का?

उंबरठा

अशा केंद्रात मी बरीच वर्षे समुपदेशक म्हणून काम केले आहे, त्यामुळे माझे मत एका बाजूला झुकलेले आहे हे गृहीत धरूनच वाचावे.

हेरॉइन शेवटचे घेतल्यापासून साधारण सहा ते बारा तासांत अंगदुखी, जुलाब, घाम आणि प्रचंड अस्वस्थता सुरू होते. या त्रासाला नशा करणारे ‘टर्की’ म्हणतात, आणि ती लागलेला माणूस बहुतेक वेळा मजेसाठी नव्हे, तर ती थांबावी म्हणून पुढच्या पुडीचे पैसे शोधत असतो. तुमच्या तांब्याच्या तारा बहुधा तेथेच गेल्या. मेथाडोनचा परिणाम साधारण दिवसभर टिकतो, त्यामुळे योग्य मात्रा बसल्यावर दिवसातून तीन-चार वेळा पैसे उभे करण्याची गरजच उरत नाही. रुग्णाची दया म्हणून दिलेले हे औषध शेजाऱ्याच्या कुलपाचेही रक्षण करते, हे सभेत कोणी सांगत नाही.

औषध हातात देऊन पाठवतात, हा गैरसमजही दूर करायला हवा. मेथाडोन परिचारिकेसमोर प्यावे लागते आणि नंतर तिच्याशी दोन वाक्ये बोलावी लागतात, कारण तोंडात धरून ठेवलेले औषध बाहेर विकले जाण्याची शक्यता असते. ब्युप्रेनॉर्फिनची गोळी जिभेखाली पूर्ण विरघळायला पाच-दहा मिनिटे लागतात. तोवर रुग्णाला समोरच्या बाकावर बसवून ठेवतात आणि शेवटी जीभ उचलून दाखवायला सांगतात. घरी न्यायची मुभा स्थिरावलेल्या रुग्णालाच मिळते.

‘उचला आणि कोंडा’ या उपायाची मला सर्वाधिक भीती वाटते. काही आठवडे नशा सुटली की शरीराची सहनशक्ती उतरते, तलफ मात्र तशीच राहते. बाहेर आल्यावर माणूस जुन्याच मात्रेने घेतो आणि त्याचा श्वास थांबतो. तुरुंगातून सुटल्यानंतरचे पहिले दोन आठवडे म्हणूनच सर्वांत घातक मानले जातात.

सडेतोड

वरील प्रतिसादातील वैद्यकीय बाजू मला मान्य आहे. तथापि ज्यांच्या घरात चोरी झालेली नाही त्यांनी सहानुभूतीचे धडे देऊ नयेत, असे माझे स्पष्ट मत आहे. माझे घर फोडले गेले तेव्हा चोराला टर्की लागली होती की नाही, याचा विचार करण्याच्या मनःस्थितीत मी नव्हतो.

केवळ सहन करत राहणे म्हणजे करुणा नव्हे, हे स्वित्झर्लंडमधील झुरिक शहराने अनुभवले आहे. १९८० च्या दशकाच्या अखेरीस तेथील प्लात्सश्पिट्झ उद्यानात उघड्यावर चालणाऱ्या नशेकडे काणाडोळा करण्यात आला. १९९२ मध्ये उद्यान बंद केल्यावर तोच जमाव जवळच्या लेटन या बंद रेल्वे स्थानकावर सरकला. १९९५ मध्ये लेटनही रिकामे केले तेव्हा मात्र उपचाराची सोय वाढलेली होती, डॉक्टरांच्या देखरेखीखाली हेरॉइन देण्याचे प्रयोगही सुरू झाले होते, आणि शिवाय पोलीस होते. प्रतिबंध, उपचार, हानी कमी करणे आणि कायद्याचा बडगा अशा चार खांबांवर स्विस धोरण उभे आहे, आणि त्यातला चौथा खांब दयाळू लोक सोयीस्करपणे विसरतात.

पोर्तुगालचे उदाहरणही असेच अर्धवट सांगितले जाते. २००१ पासून तेथे स्वतःच्या वापरापुरता, म्हणजे दहा दिवस पुरेल इतका, साठा बाळगणे हा फौजदारी गुन्हा राहिलेला नाही, हे खरे. पण असा माणूस सापडल्यास त्याला एका समितीपुढे उभे केले जाते आणि विक्री करणाऱ्याला तुरुंगच आहे. अमेरिकेतील ओरेगन राज्याने २०२० मध्ये मतदानाने अमली पदार्थ बाळगण्याची फौजदारी शिक्षा काढून टाकली, पण उपचारांचा पैसा वेळेवर पोहोचला नाही, लोकांचा संयम संपला आणि २०२४ मध्ये अमली पदार्थ बाळगणे पुन्हा गुन्हा ठरले. म्हणून माझे म्हणणे असे की, माणूस व्यसनी आहे एवढ्यावरून त्याला हाकलू नये. परंतु जिन्यात सुई टोचणे, धमकावणे, चोरी आणि विशेषतः विक्री यांपैकी काहीही घडल्यास व्यसन ही सबब चालता कामा नये.

सावली

माझा धाकटा भाऊ व्यसनी आहे. आईने त्याच्याकडून घराची किल्ली काढून घेतली, दागिने माझ्याकडे आणून ठेवले, आणि तरीही ती त्याला उपचारांना घेऊन जाते. पाहुण्यांना हे विसंगत वाटते, पण आमच्या घरात दुसऱ्या कोणत्या पद्धतीने जगता आलेच नसते. सभेत मागे बसणाऱ्या त्या आईला एकदा विचारा. त्या मुलाला किती वेळा घेऊन गेली, केंद्र किती लांब होते आणि शेवटी जाणे का सुटले, हे तिला ठाऊक असेल. दररोज घ्यायच्या औषधासाठी दोन बस बदलाव्या लागल्या, तर निरोगी माणूसही कंटाळेल.

वाटसरू

सर्वांचे आभार. हरकतीच्या अर्जावर मी सही करणार नाही, परंतु अटींचे वेगळे निवेदन देण्याचा विचार आहे: औषधाची वेळ दुपारी बारा ते दोन ठेवावी, प्रवेश मुख्य रस्त्याकडून असावा, मागच्या रस्त्यावर दिवे लावावेत, परिसरातील सुया गोळा करण्याची जबाबदारी केंद्राने घ्यावी, आणि तक्रारीसाठी फोन उचलणारा एक माणूस नेमावा. विक्री आढळल्यास पोलिसांना कळवले जाईल, हेही लेखी हवे.

सडेतोड

दर तीन महिन्यांनी रहिवाशांसोबत बैठक, हे कलम जोडा. कागदावरच्या अटींना विचारणारा कोणी नसेल, तर त्या कागदावरच राहतात. एवढे असेल तर माझीही सही घ्या.

उंबरठा

वेळ तेवढी बदला. दुपारी बारा ते दोन ही वेळ ठेवलीत, तर जे कामधंद्याला लागले आहेत तेच गळतील आणि दिवसभर रिकामे असणारे तेवढे येतील. सकाळी सातपासून खिडकी उघडली, तर कामावर जाणारे घेऊन निघून जातात आणि दाराशी घोळकाही जमत नाही. सुयांबाबत एक गोष्ट तातडीची आहे, केंद्र होईपर्यंत थांबू नका. सुई हाताने उचलू नये, तिच्यावर टोपण पुन्हा बसवू नये. चिमट्याने उचलून जाड प्लास्टिकच्या बाटलीत टाकावी आणि झाकण घट्ट लावावे. कोणाला टोचलीच, तर जखम साबण-पाण्याने धुऊन त्याच दिवशी डॉक्टर गाठावा, कारण एचआयव्ही प्रतिबंधक औषधे लागलीच तर ती ७२ तासांच्या आत सुरू करावी लागतात.