हबशी, सिद्दी आणि ‘नागरिकत्व’

चौकस: एका लेखात वाचलं, ‘कर्नाटकातल्या हबशांना २००३ मध्ये नागरिकत्वाचे हक्क मिळाले.’ हबशी म्हणजेच सिद्दी ना, आफ्रिकेतून आलेल्यांचे वंशज? मग तोवर ते नागरिक नव्हते?

दप्तरी: लेखकाने घोळ घातलाय. नागरिक ते राज्यघटना आल्यापासून आहेत. २००३ मध्ये उत्तर कन्नड जिल्ह्यातल्या सिद्दींचा समावेश अनुसूचित जमातींच्या यादीत झाला. म्हणजे राखीव जागा, शिष्यवृत्ती वगैरे. ‘नागरिकत्व मिळालं’ म्हटलं की पिढ्यान्‌पिढ्या इथेच राहिलेली माणसं परकी ठरतात. रंग बघून लोक तसंही ‘कुठल्या देशाचे?’ विचारतातच, त्यात छापील भर कशाला?

‘हबशी’बद्दल. ‘हबश’ म्हणजे अबिसिनिया, आजचा इथिओपिया. जुन्या कागदपत्रांत जंजिऱ्याच्या मुलखाला ‘हबसाण’ म्हणत, तिथे त्यात हिणवणं नाही. आज मात्र तो शब्द चिडवायलाच वापरतात. शिवाय पोर्तुगीजांनी गोव्यात गुलाम आणले ते मोझांबिकहूनही. त्यांना हबशी म्हणणं भूगोलातही बसत नाही. ‘सिद्दी’ची व्युत्पत्ती बहुतेक जण अरबी ‘सय्यिदी’पासून, म्हणजे ‘माझे धनी’, अशी लावतात.

घाटमाथा: उत्तर कन्नडात यल्लापूर-हल्याळकडे ते स्वतःला सिद्दीच म्हणवतात. बोली कोकणीच्या अंगाने जाणारी, तीत मराठी-कानडीची सरमिसळ. मराठी माणसाला बरीचशी कळते. गोव्यातून जंगलात पळालेल्या गुलामांचे वंशज त्यांच्यात आहेत.

चौकस: आपल्याकडचे सिद्दीही अनुसूचित जमातीत मोडतात का?

दप्तरी: नाही, महाराष्ट्राच्या यादीत सिद्दी नाहीत. राज्यघटनेच्या कलम ३४२ नुसार यादी राज्यागणिक वेगळी, आणि सिद्दींच्या बाबतीत तर जिल्ह्यागणिक. गुजरातेत जुनागढ, जामनगर, राजकोट वगैरे सौराष्ट्रातले जिल्हे यादीत आहेत, पण सिद्दींचे पीर बावा गोर यांचा दर्गा असलेलं रतनपूर भरूच जिल्ह्यात, म्हणून यादीबाहेर. तेव्हा जमातीच्या दाखल्यासाठी नुसतं सिद्दी असून भागत नाही, मूळ गाव कुठलं तेही बघतात. धर्म मात्र आड येत नाही. उत्तर कन्नडात सिद्दी हिंदू आहेत, मुसलमान आहेत, ख्रिस्तीही आहेत, आणि दर्जा सगळ्यांना आहे.

घाटमाथा: बेळगाव-धारवाडचे सिद्दी या दर्जासाठी २०२० पर्यंत ताटकळले. त्याच वर्षी शांताराम सिद्दी कर्नाटक विधान परिषदेवर नियुक्त झाले. त्यावरही कोणी ‘हबशी आमदार’ असा मथळा दिला नसला म्हणजे मिळवली.

चौकस: मग लेखात ‘सिद्दींना अनुसूचित जमातीचा दर्जा मिळाला’ असं हवं. संपादकांना कळवतो.