मदत हवी आहे: 'मच अडू अबाउट नथिंग'वरचा मुलांना दाखवता येईल असा सिनेमा

नववी-दहावीच्या मुलांसाठी शेक्सपिअरच्या सुखात्मिकांवर एक छोटा उपक्रम करतोय. आधी नाटकातला प्रवेश वाचायचा, मग त्याच प्रवेशाचं आजच्या काळातलं रूप पडद्यावर बघायचं.

'टेमिंग ऑफ द श्रू'साठी 'टेन थिंग्ज आय हेट अबाउट यू' (१९९९) आणि 'ट्वेल्फ्थ नाइट'साठी 'शीज द मॅन' (२००६) ठरलेत. दुसऱ्यात व्हायोला भावाच्या नावाने मुलांच्या फुटबॉल संघात घुसते, त्यामुळे वेशांतराचा घोळ समजावून सांगावाच लागत नाही. 'कॉमेडी ऑफ एरर्स' म्हणजे अर्थातच 'अंगूर'.

गाडी अडली आहे ती 'मच अडू'वर. बिआट्रिस आणि बेनेडिक यांना मुद्दाम ऐकू जाईल असं मित्रमंडळी बोलतात, तो बागेतला प्रवेश मला हवाय. जॉस व्हेडनचा २०१२चा कृष्णधवल सिनेमा बघितला. घर, कपडे सगळं आजचं, पण संवाद मूळ नाटकातलेच. मुलं दहा मिनिटांत जांभया देतील. 'एनीवन बट यू' (२०२३) मध्ये हा प्रवेश छान जमलाय, पण तो प्रौढांचा सिनेमा आहे, पालक माझी खरडपट्टी काढतील. केनेथ ब्रानाचा १९९३चा जुन्या पोशाखातला, म्हणून बाद.

भाषा कुठलीही चालेल, इंग्रजी सबटायटल्स मात्र हवीत. टीव्हीसाठी केलेलं रूपांतरही चालेल. पूर्ण सिनेमा दाखवायचा नाहीये, पण मुलं घरी जाऊन शोधणारच, म्हणून सगळाच त्यांच्या वयाला चालणारा हवा.

आजच्या भाषेतलं असं 'मच अडू' कुणी पाहिलंय का, आणि भारतात ते अधिकृतपणे कुठे बघता येईल?