पहिला पिक परदेशी पोरावर का नको?

पहाटेचा प्रेक्षक

आमच्या बास्केटबॉलच्या ग्रुपवर काल एकाने लिहिलं, "ड्राफ्टचा पहिला पिक अमेरिकन कॉलेजमध्ये न खेळलेल्या पोरावर घालवणं म्हणजे निव्वळ जुगार. बार्न्यानी आठवा आणि गप्प बसा." (ड्राफ्ट म्हणजे एनबीए या अमेरिकेच्या व्यावसायिक लीगमध्ये संघांनी नवे खेळाडू पाळीपाळीने निवडणं; पिक म्हणजे त्यातली पाळी. बार्न्यानी हा इटलीहून आलेला, अपेक्षेला न उतरलेला पहिला पिक.) खाली अंगठ्यांची रांग. मला गप्प बसवत नाही, म्हणून सविस्तर लिहितोय.

२०१८ घ्या. पहिला पिक फिनिक्स सन्सकडे. समोर अ‍ॅरिझोना विद्यापीठाचा एटन आणि स्पेनच्या रेआल माद्रिद क्लबचा डॉन्चिच. डॉन्चिच १९ वर्षांचा. तोवर त्याने स्लोव्हेनियाबरोबर २०१७ चं युरोपियन अजिंक्यपद मिळवलं होतं, २०१८ ची युरोलीग (युरोपातल्या क्लबांची सर्वात मोठी स्पर्धा) जिंकली होती आणि त्याच युरोलीगचा सर्वोत्तम खेळाडूही तोच होता. हे सगळं तिशीतल्या कसलेल्या व्यावसायिकांसमोर. सन्सने नुकताच नेमलेला कोच कोण? इगोर कोकोश्कोव, स्लोव्हेनियाच्या त्याच विजेत्या संघाचा कोच! पोराला आतून-बाहेरून ओळखणारा माणूस घरात बसलेला असताना यांनी एटन घेतला.

डॉन्चिचबद्दलची तेव्हाची कुजबुज आठवते ना? पाय जड आहेत, उडी नाही, अमेरिकन गार्ड्ससमोर (चेंडू खेळवणाऱ्या चपळ खेळाडूंसमोर) टिकणार नाही. पहिल्याच हंगामात सामन्यामागे सरासरी २१ गुण आणि 'रूकी ऑफ द इयर', म्हणजे वर्षातला सर्वोत्तम नवा खेळाडू. मग २०२२ च्या प्लेऑफमधला (हंगामानंतरच्या बाद फेरीतला) डॉन्चिचचा डॅलस विरुद्ध सन्स हा निर्णायक सातवा सामना, तोही फिनिक्सच्याच कोर्टवर. हाफटाइमला डॉन्चिचचे एकट्याचे २७ गुण आणि अख्ख्या सन्सचेही २७. शेवटी डॅलस १२३, फिनिक्स ९०. आता सांगा, जुगार कोणी खेळला?

बोर्डखालचा

निकाल लागल्यावर पेपर कोणीही सोडवतो. एटनने पहिल्या वर्षी सरासरी १६ गुण आणि १० रिबाउंड (हुकलेल्या शॉटनंतर पकडलेले चेंडू) काढले. २०१० नंतर प्लेऑफचं तोंड न पाहिलेला संघ २०२१ मध्ये थेट फायनलला गेला, त्यात तो होता. क्लिपर्सविरुद्ध ०.९ सेकंद उरले असताना क्राउडरच्या पासवर मारलेला डंक विसरलात? हा फुकट गेलेला पिक म्हणायचा?

आता दुसरी बाजू. २००६ मध्ये टोरांटोने बार्न्यानी घेतला, दुसऱ्या पिकवर ऑल्ड्रिज गेला, सहाव्यावर ब्रँडन रॉय, दोघेही त्याच्याहून सरस ठरले. २००३ मध्ये डेट्रॉइटने दुसऱ्या पिकवर सर्बियाचा डार्को मिलिचिच घेतला, तो चाललाच नाही. मागे उभे होते पुढे मोठे स्टार झालेले कार्मेलो, बॉश आणि वेड. अशी यादी समोर असताना माणूस सावध होणारच.

खेळापलीकडचंही बघा. मी पुण्याहून मिनेसोटात नोकरीला आलो तेव्हा कामात कुठेच कमी नव्हतो. तरी पहिला हिवाळाभर मीटिंगमध्ये तोंड उघडलं नाही. जेवण, भाषा, थंडी, एकटेपणा, सगळं एकदम अंगावर येतं. त्यात १९ वर्षांच्या पोराला ८२ सामने खेळायचे आणि हरणारा संघ वर काढायचा. हे आकड्यांत दिसत नाही, पण मी भोगलंय.

पहाटेचा प्रेक्षक

तुमच्या हिवाळ्याबद्दल मनापासून सहानुभूती आहे. पण डॉन्चिचने १३ व्या वर्षी ल्युब्लियाना सोडून माद्रिद गाठलं आणि १६ व्या वर्षी तो रेआलच्या मुख्य संघातून खेळला. परक्या देशात, परक्या भाषेत उभं राहणं त्याचं आधीच करून झालं होतं. आणि एटन कुठला? बहामाजचा! जुन्या काळातला महान खेळाडू ओलाजुवॉन नायजेरियाचा. कॉलेजमधून आले की त्यांचं परदेशीपण कुणाला खुपत नाही.

ठाणेकर गार्ड

सन्सबद्दल एवढं बोलताय, सॅक्रामेंटोचं काय? दुसरा पिक त्यांचा होता. मालक विवेक रणदिवे, जन्म मुंबईचा. जीएम (जनरल मॅनेजर, खेळाडू निवडणारा) व्लादे दिवाच, स्वतः सर्बियातून येऊन या लीगमध्ये नाव काढलेला. परदेशी पोराला ओळखायला याहून योग्य जोडी सापडली नसती. त्यांनीही डॉन्चिचला सोडून अमेरिकन कॉलेजमधला मार्विन बॅगली घेतला! आडनाव रणदिवे म्हणून मी त्या संघाला जीव लावला होता. तो राग अजून गेलेला नाही.

रिंगण (क्रीडाशिक्षिका)

देशी-परदेशी हा वादच मला पटत नाही. रोग उंचीचा आहे. डार्को सात फुटी, बार्न्यानी सात फुटी, एटनही तेवढाच. २००७ मध्ये पोर्टलँडने पुढे महान ठरलेल्या ड्युरंटला सोडून सात फुटी ग्रेग ओडेन घेतला, तो तर अमेरिकनच होता. उंची दिसली की निवडणाऱ्यांचे डोळे दिपतात, आणि पासिंग, नजर, डोकं यांकडे कुणी बघत नाही.

हे मी जवळून पाहिलंय. ऑक्टोबर २०१९ मध्ये सॅक्रामेंटो किंग्ज आणि इंडियाना पेसर्स मुंबईत वरळीच्या डोममध्ये खेळले, तेव्हा शाळेची मुलं घेऊन मी तिथे होते. आमची पॉइंट गार्ड, जेमतेम पाच फुटांची, अख्खा सामना खुर्चीच्या टोकावर बसून किंग्जचा गार्ड फॉक्स याचे पाय बघत होती. नंतर जिल्हा निवड चाचणीला गेली. मुलींना आधी उंचीप्रमाणे रांगेत उभं केलं. सामना खेळवण्याआधीच अर्धी यादी ठरली होती. जिला चालता चालता पास झेलता येत नव्हता तिला घेतलं, हिला परत पाठवलं. मी विचारलं तर उत्तर मिळालं, "मॅडम, हाइट शिकवता येत नाही." पोरीने त्या वर्षी खेळ सोडला.

माजी सेंटर

मॅडम, मी निवड समितीवर बसलेलो आहे, म्हणून हे ऐकून घेणार नाही. एका दिवसात शेकडो मुलं, कोर्ट एक, तेही सिमेंटचं, आणि संध्याकाळपर्यंत यादी द्यायची. राज्याबाहेर गेल्यावर छत्तीसगड आणि केरळच्या मुली बोर्डखाली उभ्या राहतात, तेव्हा पाच फुटी गार्ड काय करणार? उंच मुलगी घेऊन तिला वर्षभर शिकवणं यात चूक काय?

रिंगण (क्रीडाशिक्षिका)

वर्षभर कोण शिकवतं, सर? शिबिर जेमतेम आठवडाभराचं, मग स्पर्धा, मग दहावी. त्या उंच मुलीलाही कुणी शिकवलं नाही, तीही आता खेळत नाही. तुमच्या पद्धतीने दोघी गेल्या.

माजी सेंटर

आठवडाभराचं शिबिर ही माझी चूक नाही. तेवढं एक मान्य करतो की आधी खेळवायला हवं, रांग नंतर.

बोर्डखालचा

ड्राफ्टवरून जिल्हा चाचणीवर कसे काय उतरलो आपण? उंचीचा एवढा राग असेल तर २०२३ चा वेंबान्यामा कुठे बसवणार? सात फूट चार इंच, फ्रान्सचा, पहिला पिक, आणि एकमताने 'रूकी ऑफ द इयर'.

रिंगण (क्रीडाशिक्षिका)

तो त्या उंचीवर गार्डसारखा चेंडू हाताळतो म्हणून! फ्रान्सच्या लीगमध्ये मोठ्या माणसांविरुद्ध ते दाखवून आला होता. डार्कोने असं काय दाखवलं होतं?

बोर्डखालचा

ठीक आहे, डॉन्चिच आणि वेंबान्यामा तुमचे. पण चीनच्या याओ मिंगबद्दल कुणीच बोलत नाही. २००२ चा पहिला पिक, ह्यूस्टनचा. खेळाडू महान, मी त्याचा भक्त. पण ह्यूस्टनचा हंगाम संपला की चीनच्या संघाची हाक यायची. २००८ मध्ये पायाला स्ट्रेस फ्रॅक्चर झालं आणि त्याच वर्षी तो बीजिंग ऑलिंपिक खेळला. आठ हंगाम, ४८६ सामने, तिशीत निवृत्ती. पहिला पिक वापरणाऱ्या संघाने हा धोका मोजायचाच नाही?

पहाटेचा प्रेक्षक

मोजायचा, हे खरं आहे. याओच्या बाबतीत तुमचं म्हणणं मला खोडता येत नाही. पण नोविट्स्कीसुद्धा जर्मनीसाठी कितीतरी उन्हाळे खेळला आणि २०११ मध्ये त्यानेच डॅलसला विजेतेपद मिळवून दिलं. साडेसात फुटी शरीराच्या पायांवर येणारा भार वेगळा असतो, त्याचं खापर पासपोर्टवर का फोडायचं?

बोर्डखालचा

मी जीएम असतो तर २०१८ मध्ये अटलांटासारखं केलं असतं. तिसऱ्या पिकवर घेतलेला डॉन्चिच डॅलसला देऊन पाचव्या पिकचा ट्रे यंग घ्यायचा, वर पुढचा एक पहिल्या फेरीचा पिक. यंगने २०२१ मध्ये त्यांना कॉन्फरन्स फायनलला (एनबीए फायनलच्या आधीच्या फेरीला) नेलंच ना?

पहाटेचा प्रेक्षक

नेलं. आणि डॉन्चिचने २०२४ मध्ये डॅलसला एनबीए फायनलला नेलं. त्या जादाच्या पिकवर अटलांटाने कॅम रेडिश घेतला, तो तीन वर्षांच्या आत न्यूयॉर्कला रवाना झाला. हा सौदा तुम्ही आजही कराल का, तेवढं सांगा.

बोर्डखालचा

आज नाही करणार. २०१८ च्या जूनमध्ये मात्र केला असता, आणि तुमच्यातल्या निम्म्यांनी टाळ्या वाजवल्या असत्या.