बाळाला आपणहून शी होत नाही, बायोप्सी सांगितली आहे. सल्ला हवा

पाऊलखुणा:
नमस्कार. पहिल्यांदाच धागा काढतेय, चुकीच्या विभागात पडला असेल तर हलवा.

मुलगा साडेसहा आठवड्यांचा. पूर्ण दिवसांचा, फक्त अंगावरचं दूध. अडचण शीची. तीन-तीन, चार-चार दिवस होत नाही, पोट टम्म फुगतं, मग दूध ओढायचंही सोडतो. सपोझिटरी (गुदद्वारात घालायची औषधाची कांडी) घातली की होते. मागच्या आठवड्यात डॉक्टरबाईंनी बोटाने तपासलं आणि बोट बाहेर काढताक्षणी वारा आणि पातळ शी असा काही फवारा आला की त्यांची बाही भरली. मी ओशाळून सॉरी म्हणत होते, पण त्यांचं लक्ष नव्हतं. "पहिली काळी शी कधी झाली होती?" एवढंच विचारलं. मला आठवेना. घरी येऊन डिस्चार्ज कार्ड काढलं, तर जन्मानंतर ६० तासांनी.

आता लहान मुलांच्या सर्जनकडे पाठवलंय. आधी एनिमाचा एक्स-रे (गुदद्वारातून औषध सोडून काढतात तो), मग गुदाशयाची बायोप्सी. चिठ्ठीवर 'हर्शस्प्रंग?' असं लिहिलंय. घरात दोन तट पडलेत. सासूबाई म्हणतात, आईच्या दुधावरची बाळं आठ-आठ दिवस शी करत नाहीत, एवढ्याशा जिवाला कशाला कापायचं? नवरा म्हणतो, उद्याच करून टाकू. बायोप्सीला भूल देतात का? महिनाभर थांबलं तर चालेल का?

मधलीसुट्टी:
सासूबाईंचं अगदीच खोटं नाही हं. माझी लेक दुसऱ्या महिन्यात एकदा दहा दिवस बसली होती. काही नव्हतं. आपोआप सुरळीत झालं. मी तरी थोडं थांबेन.

टाकादोरा:
मधलीसुट्टी, तुमच्या लेकीची पहिली काळी शी कधी झाली होती? आणि त्या दहा दिवसांत पोट कसं होतं?

मधलीसुट्टी:
पहिल्याच दिवशी. पोट मऊ होतं, दूधही मजेत पीत होती.

टाकादोरा:
फरक तिथेच आहे. मी लहान मुलांच्या सर्जरी वॉर्डात बरीच वर्षं नर्स आहे, त्यामुळे जरा सविस्तर लिहिते.

पूर्ण दिवसांच्या निरोगी बाळांपैकी बहुतेक सगळी पहिल्या २४ तासांत काळी शी करतात, उरलेली ४८ तासांपर्यंत. ६० तास, फुगणारं पोट, बोट काढल्यावर फवारा, या तिन्ही गोष्टी एकत्र आल्या की थांबून बघायचं नसतं. त्या बाईंनी नेमका प्रश्न विचारला.

हर्शस्प्रंगमध्ये आतड्याच्या शेवटच्या तुकड्यात मज्जापेशी, म्हणजे आतड्याची हालचाल चालवणाऱ्या नसांच्या पेशी, नसतात. गर्भात या पेशी वरून खाली, गुदद्वाराकडे सरकत येतात. कधी त्या वाटेतच थांबतात. जिथे त्या पोचत नाहीत तो भाग आवळलेलाच राहतो, मळ पुढे ढकलत नाही, आणि त्याच्या वरचं आतडं तुंबून फुगतं. साधारण ५००० बाळांमागे एकाला होतं, मुलग्यांना मुलींच्या जवळपास चौपट. तुमच्या खाण्यापिण्याचा किंवा दुधाचा काही संबंध नाही. हे आधीच सांगते, कारण वॉर्डात प्रत्येक आई ते विचारतेच.

गंमत अशी की फुगलेलं, बटबटीत दिसणारं आतडं निरोगी असतं आणि त्याच्या खालचं, दिसायला सरळसाधं, ते आजारी. हॅराल्ड हर्शस्प्रंग या डॅनिश डॉक्टरांनी १८८६ मध्ये अशा दोन बाळांची माहिती मांडली, पण लक्ष फुगलेल्या भागाकडेच राहिलं. स्वेन्सन यांनी १९४८ मध्ये खालचा तुकडा काढून वरचं आतडं खाली जोडायची शस्त्रक्रिया प्रसिद्ध केली, तेव्हा कुठे मुलं बरी व्हायला लागली.

बायोप्सीचं. या वयात भूल लागत नाही. बारीक नळी गुदद्वारातून आत घालतात, तिच्या बाजूच्या भोकात आतलं अस्तर ओढून घेतलं जातं आणि पातं त्याचा कण कापतं. जिथून घेतात तिथे दुखण्याची जाणीव जवळपास नसतेच. बाळ रडतं ते पाय धरून ठेवल्यामुळे. नंतर लंगोटाला रक्ताचा पुसट डाग दिसू शकतो, पण रक्त वाहत असेल तर लगेच कळवा. मोठ्या मुलांना मात्र भूल देऊनच घेतात.

दोन गोष्टी आधी विचारून घ्या. एक्स-रेच्या आधी एक-दोन दिवस सपोझिटरी द्यायची की नाही? आतडं आधीच मोकळं केलं तर फुगलेला आणि आवळलेला भाग जिथे मिळतात ती जागा नीट दिसत नाही. आणि थायरॉइडची तपासणी झालीय का? त्यानेही बद्धकोष्ठ होतो.

मधलीसुट्टी:
माझा सल्ला मागे घेते. ६० तास नीट वाचलंच नव्हतं.

उलटमोजणी:
माझ्या मुलाचं हेच ऑपरेशन झालंय, आता तो पाच वर्षांचा आहे. आमच्याकडे निदान चौथ्या महिन्यात झालं, कारण दोन ठिकाणी 'गॅस आहे' म्हणून थेंब देऊन परत पाठवलं. तो राग अजून गेलेला नाही.

पाऊलखुणा ताई, एक गोष्ट फ्रिजवर चिकटवून ठेवा: ताप, पोट फुगलेलं आणि घाण वासाची, जोरात उडणारी पातळ शी. लोक याला जुलाब समजतात. हा आतड्याचा संसर्ग असतो, एन्टेरोकोलायटिस, आणि त्याने बाळाची अवस्था काही तासांत गंभीर होते. ऑपरेशननंतरही होऊ शकतो हे आम्हाला कुणी नीट बजावलं नव्हतं. तो आठ महिन्यांचा असताना रात्री झाला. ड्युटीवरच्या नवख्या डॉक्टरांनी जुलाब म्हणून मीठ-साखरेचं पाणी लिहून दिलं होतं. बायकोने हट्टाने सर्जनला फोन लावला. रात्रीच दाखल, सलाइन, अँटिबायोटिक आणि नळीने आतडं धुणं. सकाळी पोट उतरलं.

ऑपरेशनचं फार टेन्शन घेऊ नका. आमचं खालूनच झालं, पोटावर एक टाका नाही. मज्जापेशी कुठून सुरू होतात ते चालू ऑपरेशनमध्येच तुकडे तपासून ठरवतात. आतडं फार फुगलेलं असेल किंवा बाळ आजारी असेल तर आधी पोटावर स्टोमा काढतात, म्हणजे शी बाहेर पडायला आतड्याचं तोंड पोटावर उघडतात, आणि नंतर आतडं जोडतात. घाबरवतं ते नंतरचं. दिवसाला पंधरा-पंधरा वेळा शी, बूड सोलवटून लाल. झिंक ऑक्साइडचं मलम भिंतीला गिलावा करतात तसं जाड थापायचं आणि पुसताना ते खरवडून काढायचं नाही, फक्त वरची शी टिपायची. हे आम्हाला आठव्या दिवशी एका मावशींनी सांगितलं. पहिल्या दिवशी कळतं तर!

टाकादोरा:
आणि हिरवी उलटी. बायोप्सीची तारीख कधीही असो, पालेभाजीच्या रसासारखी हिरवी उलटी झाली तर त्याच क्षणी निघा. आतड्याला पीळ पडल्याचंही ते लक्षण असू शकतं, आणि त्यात आतडं वाचवायला तासच हातात असतात.

पाऊलखुणा:
उशिरा लिहितेय. एक्स-रे झाला. पहिली बायोप्सी वाया गेली, कण फार वरवरचा आला म्हणून. दुसरी चार दिवसांनी. दोन्ही वेळा मिनिटभरही लागलं नाही. तो बाहेर येऊन लगेच दूध प्यायला, रडत मीच होते. रिपोर्ट आला: मज्जापेशी नाहीत. ऑपरेशन तीन आठवड्यांनी. तोवर घरी दिवसातून दोनदा नळीने धुवायचं. वॉर्डातल्या सिस्टरांनी माझ्याकडून तीनदा करून घेतलं, मगच सोडलं. फक्त सलाइन, साधं पाणी नाही. एका वेळी १० मिली, कोमट. सासूबाई पाय धरतात आणि मोठ्याने मोजतात. वहीत लिहितो: आज सकाळी ६० आत, ७० बाहेर. पोट हाताला मऊ लागलं.

एक शंका: मध्येच नळी पुढे जात नाही, अडते. जोर लावायचा का?

टाकादोरा:
अजिबात नाही. थोडं सलाइन सोडा, नळी जराशी मागे घ्या, फिरवा, परत बघा. नाही गेली तर तिथेच थांबा आणि वॉर्डला फोन करा. आत घातलं त्यापेक्षा कमी बाहेर आलं तरीही त्याच दिवशी फोन. वही सोबत न्या, सर्जन आधी तीच मागतील.